खंभातची पिशवी, पैठणची गाडी

साल १८८०. खंभातच्या एका अरुंद बोळात, कारखान्याच्या ओट्यावर तुम्ही बसला आहात. पुढ्यात दोन कारागीर समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये दोनेक फूट लांबीची जाड चामड्याची पिशवी. तोंड घट्ट आवळलेलं, पोटाला पट्टा वेढलेला. एकाने पट्टा ओढला की पिशवी त्याच्याकडे लोळते, दुसऱ्याने ओढला की माघारी जाते. आतून ओला, दबका घासण्याचा आवाज येत राहतो. आत अकीकाचे मणी आहेत, कुरुंदाची पूड आहे आणि वरचेवर शिंपडलेलं पाणी. हे असं दहा ते पंधरा दिवस चालायचं.

मागच्या अंगणात डोकावा. मातीच्या मडक्यांत रतनपूरच्या खाणींतले दगड भरून ती शेणाच्या आरात रात्रभर ठेवली आहेत. दगडातलं लोह तापतं, मळकट पिवळा रंग लाल होतो. सकाळी मडकं फोडणाऱ्याचा चेहरा जरूर पाहा. कोणता दगड लाल निघेल आणि कोणता तडकेल, हे त्यालाही आत्ताच कळतंय.

तुमच्या बाल्कनीतला टंबलर, म्हणजे दगड घासणारं फिरतं पिंप, या पिशवीचाच वंशज. ओढणाऱ्या हातांच्या जागी मोटर आली, कुरुंदाच्या जागी सिलिकॉन कार्बाइड. आधी जाड भुकटी, आठवड्याने बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. महिना सहज जातो. अकीकाची कठीणता ७, म्हणून पिंपात सोबतीही तेवढाच कठीण हवा. मऊ दगड मिसळला, तर तो झिजून नाहीसा होतो आणि बाकीचे दगड चकाकत नाहीत.

आता खूप मागे चला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. जवळ जाऊ नका, दूरच्या उंचवट्यावरूनच पाहा. क्षितिजापर्यंत लाव्हा पसरतो आहे, वर काळी साय धरते, ती फाटून पुन्हा लाल रेघा उमटतात. थिजता थिजता त्यात वायूचे बुडबुडे अडकले आहेत. हा आपला दख्खनचा कातळ. काळ थोडा भरभर सरकू द्या: पाणी झिरपतं, सोबत सिलिका आणतं, आणि पोकळीच्या भिंतीवर थरावर थर चढतात. तुमच्या तळहातावरच्या दगडातला एकेक पट्टा असा बसला. काही पोकळ्यांत मात्र झिओलाइटचे स्फटिक वाढले, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत तर गर्द निळं कॅव्हनसाइट. हे स्फटिक टंबलरमध्ये कधीही टाकू नका. ते नाजूक असतात, त्यांचा चुरा होतो, आणि त्यांचं सौंदर्य त्यांच्या कडांतच असतं.

आता बरंच पुढे या. इसवी सनाचं पहिलं शतक, सातवाहनांचं पैठण. गोदेच्या काठावर गाड्या भरल्या जात आहेत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, धूळ, आणि गोणीत एकमेकांवर खडखडणारे पट्ट्यापट्ट्यांचे दगड. इथून भडोचचं बंदर वीस दिवसांच्या वाटेवर, तीही बहुतेक धड रस्ता नसलेल्या मुलखातून. पुढे जहाजं. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या आपल्या टिपणात कोणता माल कुठून येतो, हे नेमाने नोंदवलं. त्याचं नाव टिकलं नाही, पैठणचं टिकलं.

परत या. तुमचं पिंप अजून सुरू व्हायचं आहे, तेव्हा दोन कामं करून घ्या. एकाच जागेवरून आणलेल्या दगडांपैकी एक न घासता बाजूला ठेवा. घासल्यावर दगडाची साल जाते, आणि तो कुठला हे सांगणाऱ्या बऱ्याच खुणा तिच्यासोबत जातात. दुसरं काम त्याहून मोलाचं. नुसत्या चकचकीत गोट्यांनी भरलेली बरणी शोभेची वस्तू होते, तिला संग्रह म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी ठेवा: गाव, नदी किंवा खाण, आणि तारीख. आजच लिहा, महिन्याभराने पिंप उघडाल तेव्हा कोणता दगड कुठला, हे आठवणार नाही.