काठीला वरचं कसं कळू लागलं?



आमच्या बचत गटातली एक ताई लहानपणापासून दृष्टिहीन आहे. काठी टेकत ती दर बैठकीला यायची. एकदा सोयाबीनच्या हंगामात रस्त्यात ट्रॉली उभी होती, मागचा फाळका उघडा. काठी खालून मोकळी गेली आणि फाळका ताईच्या कपाळाला लागला. घरच्यांनी तिचं बाहेर पडणंच बंद केलं. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, काठीला खालचं कळतं, मग वरचं का नाही? त्याचाच इतिहास आज सांगत आहोत.

काठी पूर्वापार आहे. तिला पांढरा रंग दिला तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी, 1921 साली. ते छायाचित्रकार होते. अपघातात दृष्टी गेली, रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटू लागली. गाडीवाल्यांना लांबून दिसावी म्हणून त्यांनी काठी पांढरी रंगवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी लांब काठी डावी-उजवीकडे फिरवत चालायची पद्धत बसवली. पाऊल पडण्याआधी काठी जमीन तपासू लागली. 1964 साली तिथे 15 ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस ठरला. आता तो आपल्याकडेही पाळतात.

तरी झाडाची फांदी, कपड्याची तार, उघडी खिडकी काठीला कळत नव्हती. उत्तर सापडलं वटवाघळाच्या युक्तीत. ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं आणि आदळून परत आलेल्या आवाजावरून अडथळा ओळखतं. 1960 च्या दशकात लेस्ली के या शास्त्रज्ञाने याच तत्त्वावर हातात धरायचं उपकरण केलं. पण पुढेही अशी परदेशी उपकरणं गरिबाला परवडण्यासारखी नव्हती.

मग 2005 च्या सुमारास दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम हाती घेतलं. त्यातून 2014 मध्ये 'स्मार्टकेन' आली. हे छोटं यंत्र पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसतं. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा सुमारे तीन मीटरवरून ओळखतं आणि मूठ थरथरते. अडथळा जवळ आला की थरथर बदलते. खड्डा मात्र खालची काठीच सांगते. म्हणून दोन्ही लागतात, आणि चालायचा सरावही लागतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या केकतउमरा गावचा 'चेतन सेवांकुर' हा दृष्टिहीन कलावंतांचा वाद्यवृंद ठिकठिकाणी कार्यक्रम करतो. मग आमच्या ताईने घरात का बसावं?

आम्ही तिच्या घरी गेलो, सासूबाईंशी बोललो. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून दिव्यांगांना साधनं मिळतात. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागतं. ते काढून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात शिबिराची चौकशी करायचं ठरलं. ताई ऐकत होती. म्हणाली, "यंत्र येईल तेव्हा येईल बाई, आधी फाळके लावायला सांगा."

खरं बोलली. आता बैठकीच्या दिवशी तिच्या वाटेवर ट्रॉली उभी राहत नाही, तारही डोक्याच्या वर बांधली आहे. ताई पुन्हा बैठकीला येते. तुमच्या गावात अशी कोणी घरात बसली असेल, तर या आठवड्यात तिची वाट एकदा चालून बघा.