गादीचा वारसा : भोपाळचे उदाहरण

घरचा कर्ता पुरुष वारला म्हणजे शरियतप्रमाणे मुलगे, मुली, पत्नी, आईबाप या सर्वांचे हिस्से ठरतात. घर वाटता येते, शेत वाटता येते. पण नवाबी कशी वाटणार? आपल्याकडे पाटिलकीच्या वतनाचे उत्पन्न भावाभावांत वाटले गेले तरी वडिलकीचा मान थोरल्या घराकडे राही. संस्थानात तो मान म्हणजेच राज्य. तेव्हा वारस ठरवावयाचा कोणी, हाच खरा प्रश्न.

भोपाळमध्ये १८१९ पासून १९२६ पर्यंत बहुतेक काळ चार बेगमांनी राज्यकारभार पाहिला. त्यांपैकी सिकंदर बेगम प्रथम आपल्या मुलीच्या नावाने कारभार करीत. १८५७ मध्ये त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि १८६० मध्ये इंग्रज सरकारने त्यांनाच राज्यकर्त्या म्हणून मान्य केले. मुलगी शाहजहान बेगम मागे सरली. मुलीनंतर आईने गादीवर यावे, हे कोणत्या वारसा कायद्यात बसते?

१८६२ च्या सनदेने सरकारने आश्वासन दिले की, औरस वारस नसल्यास इस्लामी कायद्याला धरून होणारा वारसा मान्य केला जाईल. कायदा इस्लामी, परंतु मान्यता सरकारची!

याची कसोटी सुलतान जहान बेगम यांच्या वेळी लागली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती त्या याच. १९२४ मध्ये त्यांचे दोन्ही थोरले मुलगे वारले. थोरल्या मुलाचा मुलगा हबीबुल्ला गादी मागू लागला, तर बेगमसाहेबांचा कल धाकटे चिरंजीव हमीदुल्ला खान यांच्याकडे होता. मुलगा हयात असता मृत मुलाच्या मुलाला वारसा पोचत नाही, हा त्यांचा आधार. अनाथ नातवाचा हा प्रश्न आजही कितीतरी घरांत निघतो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बेगमसाहेब लंडनला गेल्या, सरकारचे मन वळविले आणि १९२६ मध्ये मुलासाठी गादी सोडली.

हमीदुल्ला खान यांना तीन मुलीच. थोरल्या आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेल्या. १९६० मध्ये नवाबसाहेब वारल्यावर भारत सरकारने दुसऱ्या कन्या साजिदा सुलतान यांना मान्यता दिली. इंग्रज गेले होते, पण शिक्का सरकारचाच लागला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ही मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. खासगी मालमत्तेचे दावे मात्र त्यानंतरही न्यायालयांत चालत राहिले.