वेळास आणि सालबाई

राजधान्यांचा इतिहास दफ्तरांतून लिहिला जातो. लहान गावांपाशी देऊळ, घराणे आणि आठवण एवढीच साधने असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे समुद्रकाठचे असेच एक गाव. ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांस ते दूरचे वाटेल. परंतु आमच्या प्रदेशातील एक प्रसिद्ध घटना त्या किनाऱ्यावरून पाहिली असता अधिक स्पष्ट दिसते, असे आम्हांस वाटते.

वेळास हे भानू घराण्याचे मूळ गाव. सावित्रीच्या खाडीपलीकडे श्रीवर्धन, ते भटांचे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि पुढे भानूंकडे फडणिशी आली. १७४२ साली साताऱ्यास जन्मलेले बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणीस, याच घराण्यातले. वेळासचे महालक्ष्मी-रामेश्वराचे देवालय त्यांच्याच नावाशी निगडित आहे.

याच गावाशेजारी खाडीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला आहे. तुळाजी आंग्रे यांचा पाडाव करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांस मिळाला. मराठ्यांचे एक समर्थ आरमार मराठ्यांच्याच संमतीने बुडाले.

पुढे १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस असलेल्या सालबाई या खेड्यात इंग्रजांशी तह केला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नानांनी तहास मान्यता दिली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये. या विलंबाचे कारण पुष्कळदा उभयतांच्या स्पर्धेत शोधले जाते. हैदर अलीशी असलेला करार आणि डिसेंबर १७८२ मध्ये झालेला त्याचा मृत्यू, ही कारणे अधिक बलवत्तर होत. तथापि आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. किनाऱ्यावरचे ठाणे एकदा इंग्रजांकडे गेले म्हणजे ते परत येत नाही, याचा दाखला भानूंच्या गावाशेजारी सव्वीस वर्षे उभा होता. नानांच्या मनात नेमके काय होते, हे यावरून सिद्ध होत नाही. परंतु उत्तरेत पाय रोवणाऱ्या महादजींची आणि कोकणी मुळाच्या नानांची भूमी निराळी होती, एवढे निश्चित.

आज वेळास ओळखले जाते ते सागरी कासवांच्या विणीसाठी. २००२ पासून तेथे त्यांच्या संरक्षणाचे कार्य चालू झाले. ही नवी ओळख गावास भूषणावहच आहे. मात्र तेथे जाणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांस वाळूवरून बाणकोटच्या तटापर्यंतही न्यावे. सालबाईचा धडा तेथे अधिक चांगला समजेल.