फॉगसाहेब, शेरलॉक आणि केळापूरची बारावी

हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला अवतार. ज्यांच्याकडे रेंज नाही, किंवा घरात सगळे झोपलेत म्हणून आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना माझी काही वाक्यं हवेतच राहिली होती, ती इथे जमिनीवर आणली आहेत. बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे बारावीचं इंग्रजीचं पुस्तक. थांबा, स्किप करू नका. अभ्यासाच्या टिप्स देणार नाहीये. मला इतिहास सांगायचाय, आणि तोही आपल्या वऱ्हाडाचा.

२०२० साली बालभारतीचं बारावीचं नवीन ‘इंग्लिश युवकभारती’ आलं. त्यात शेवटी कादंबरीचा एक विभाग आहे. ८० मार्कांच्या पेपरात त्याला १६ मार्क. कादंबऱ्या तीन, आणि तिन्हींचे फक्त निवडक भाग: ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’. इंग्रजी सक्तीचं आहे, त्यामुळे आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, सगळ्यांनाच हे वाचावं लागतं. मुंबईतल्या मुलीलाही आणि केळापूर तालुक्यातल्या कोलाम पोडावरच्या मुलालाही.

बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. केळापूर हा यवतमाळ जिल्ह्यातला तालुका. तालुक्याचा सगळा कारभार पांढरकवड्यात चालतो, आणि केळापूर हे शेजारचं गाव, जगदंबेच्या मंदिरासाठी माहीत असलेलं. नागपूर-हैदराबाद हायवे इथूनच जातो. खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, गोंडी बोलणारी, कोलामी बोलणारी, तेलुगू समजणारी मुलं असतात. हिंदी सगळ्यांना येते, ती सिनेमामुळे आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांमुळे. म्हणजे काहींसाठी इंग्रजी ही चौथी भाषा झाली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होती. पण पहिलीपासून अक्षरं ओळखणं आणि शेरलॉक होम्स वाचणं यांच्यात अंतर आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

तर या भागातल्या काही मुलामुलींना मी एकच विचारलं. मार्कांचं सोडा, तुम्हाला ही पुस्तकं कशी वाटली? नावं कोणाचीच घेणार नाही.

पहिलं उत्तर बहुतेकांचं सारखंच: “चांगली आहेत सर.” मी सर नाहीये. पण पुस्तकाबद्दल कोणी विचारलं की समोरचा सर होतो आणि उत्तर ‘चांगलं’ होतं. हे काही त्यांचं वैगुण्य नाही. या सवयीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं आणि १८५९ ला पहिली मॅट्रिक झाली. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं, पण १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. १९०५ ला नाव बदललं. हायस्कूल हवं तर अकोला नाहीतर अमरावती गाठायची. गंमत बघा, पैनगंगेच्या पलीकडे निजामाच्या राज्यात पुढे १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिकवण्याचं माध्यम उर्दू आणि इंग्रजी एक सक्तीचा विषय. नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या परकेपणांचा अभ्यास चालला होता.

गौरी विश्वनाथन यांचं १९८९ चं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हे पुस्तक सांगतं की इंग्रजी साहित्य हा रीतसर शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात उभा राहिला. मुलांनी शेक्सपिअर, मिल्टन वाचावा आणि त्यातून इंग्रजांच्या विचारांची थोरवी मनात उतरावी, हा हेतू होता. अशा परीक्षेत “तुला काय वाटलं” हा प्रश्न येण्याचं कारणच नव्हतं. अर्थ सांगा, संदर्भ द्या, व्याकरण सोडवा.

मग त्या मुलांना मतं नव्हती का? भरपूर होती. ती पेपरात मावली नाहीत, म्हणून मराठीत आली.

अकोल्याचंच उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा एक गरीब मुलगा शिकायला अकोल्यात आला आणि १८७५ ला तिथून मॅट्रिक झाला. गोपाळ गणेश आगरकर. पुढे १८८२ ला टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेव्हा त्यांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ ला छापून आलं. विचार करा, तुरुंगात माणूस काय करतो? परीक्षेसाठी वाचायला लावलेल्या लेखकाशी निवांत बसून हिशेब करतो.

दुसरं नाव विष्णु मोरेश्वर महाजनी. शिक्षण खात्यात वऱ्हाडात नोकरी केलेला माणूस. यांनी शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलीन’वरून १८७९ ला ‘तारा’ हे नाटक केलं. ते बडोद्यात रंगलं आणि तिथल्या एका इंग्रज प्राध्यापकाने त्यावर विलायतेतल्या मासिकात लेखसुद्धा लिहिला. हेच महाजनी १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आज अकोल्याबाहेर त्यांचं नाव किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

आणि चिपळूणकर. वडील कृष्णशास्त्री यांनी जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर सुरू केलं होतं, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे वाक्य त्यांच्या नावावर सांगतात. पुण्यात बसून ते ठीक आहे. आमच्याकडे वाघीण म्हटलं की टिपेश्वरचं जंगल आणि २०१८ आठवतं, अवनीचं वर्ष, जेव्हा लोक कापूस वेचायला एकटे जात नव्हते. दूध वगैरे कोणाच्या डोक्यात येत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच की नेमलेल्या पुस्तकावर मत असणं ही नवीन फॅशन नाही. जुन्या पोरांनी नाव बदललं, गाव बदललं, राजाला इथला राजा केला आणि परस्पर उत्तर देऊन टाकलं. अर्थात त्यांच्याकडे छापखाना होता, वेळ होता, आणि बहुतेकांकडे जातीने दिलेली अक्षरओळखही होती. पोडावरच्या मुलाकडे मोबाइल आहे.

आता आजच्या पोरांकडे येऊ. ‘चांगली आहेत’च्या पुढे गेल्यावर खरी मजा आली.

‘एटी डेज’मधला धड्यात घेतलेला भाग शेवटाचा आहे. फॉग लंडनला परत येतो, पैज हरलो असं त्याला वाटतं आणि मग एक दिवस जास्तीचा सापडतो. मुलींना यात आवडलं ते वेगळंच: औदा स्वतःहून फॉगला लग्नाचं विचारते. ती विधवा आहे. आधीच्या प्रकरणांत तिला म्हाताऱ्या राजाबरोबर सती घालणार असतात आणि हा गडी तिला सोडवतो. एका मुलीचा प्रश्न असा होता की सोडवल्यापासून लग्नापर्यंत ती बाई एवढं कमी का बोलते? जिल्ह्यात कापसाच्या कर्जापायी नवरे गेलेल्या बाया घरोघर दिसतात, तिथे पोरगी हा प्रश्न सहज विचारते. व्हर्नने औदाला पारशी केलंय आणि पारशी बाईला सती घालायला काढलंय. इतिहासाच्या पेपरात हे लिहिलं तर शून्य मिळेल.

आणखी एक. कादंबरी १८७२ ची. त्यात मुंबईहून निघालेली रेल्वे अलाहाबादच्या आधीच संपते, रूळच टाकलेले नसतात, म्हणून फॉग हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. हत्तीची गरज नव्हती! पण हत्ती नसता तर गोष्ट कुठली. गाडी बऱ्हाणपूरवरून जाते, म्हणजे साहेब भुसावळला डावीकडे वळले. उजवीकडे वळले असते तर १८६७ ला नागपूरपर्यंत पोचलेल्या लाइनने अकोला, बडनेरा करत कापसाच्या गाठी बघत गेले असते. ती लाइन त्या गाठींसाठीच तर टाकली होती.

‘टू सर, विथ लव्ह’ सगळ्यात जास्त जणांना भावलं, आणि कारण मजेशीर आहे. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, युद्धात इंग्लंडच्या हवाई दलात होते, शिकलेले इंजिनिअर. काळे म्हणून नोकरी मिळेना, मग लंडनच्या गरीब वस्तीत मास्तर झाले. १९५९ चं पुस्तक. त्यातल्या शाळेत दर आठवड्याला मुलं एक रिव्ह्यू लिहितात. शाळेतलं काहीही, कोणीही, अगदी हेडमास्तरसुद्धा, त्यावर मुलांनी बिनधास्त मत लिहायचं. शिक्षा नाही. उलट मास्तरांनी ते वाचून आपण कुठे कमी पडतोय हे बघायचं.

हे वाचून एक पोरगा म्हणाला, “आमच्या इथं लिहून तर पाहा!” सगळे हसले.

मला ही गोष्ट फार लागली. आपल्या अभ्यासक्रमात असा उतारा आहे की ज्यात मुलं शाळेबद्दल मत लिहितात. त्या उताऱ्यावर प्रश्न काय येतो? थीम लिहा, पात्राचं वर्णन करा, चार मार्क. गद्य उताऱ्यांखाली ‘पर्सनल रिस्पॉन्स’ नावाचा दोन मार्कांचा प्रश्न आता असतो. कृतिपत्रिका आल्यापासूनची ही सुधारणा, आणि चांगलीच आहे. पण गाईडमध्ये पर्सनल रिस्पॉन्सही तयार मिळतो. हजारो मुलांचं अगदी खासगी मत एकच असतं, त्याच चार वाक्यांत. मुलांना दोष देऊ नका. मोडक्या इंग्रजीत स्वतःचं लिहिलं तर स्पेलिंगचे मार्क जातात, पाठ केलेलं लिहिलं तर राहतात. हा हिशेब कोणीही करेल.

राहिला शेरलॉक. ‘द साइन ऑफ फोर’ १८९० ला अमेरिकेच्या ‘लिपिन्कॉट्स’ मासिकात आली. त्या मासिकाच्या माणसाने १८८९ ला लंडनच्या लँगम हॉटेलात जेवायला बोलावून डॉयल आणि ऑस्कर वाइल्ड दोघांकडून गोष्टी मागितल्या होत्या. धड्यात सुरुवातीचा भाग आहे: मेरी मॉर्स्टन होम्सकडे येते, मोती, चिठ्ठ्या, आणि एका कागदावर चार नावं. जोनाथन स्मॉल, महोमेत सिंग, अब्दुल्ला खान, दोस्त अकबर. पुढे कळतं की यातले महोमेत सिंग आणि अब्दुल्ला खान हे १८५७ च्या आग्र्याच्या किल्ल्यातले पंजाबी पहारेकरी, आणि त्यांना डॉयल शीख म्हणतो. अब्दुल्ला खान नावाचा शीख! यावर वर्गात काहूनच कोणी हसलं नाही, हे मला कळेना. नंतर समजलं, सरांनी नावं नुसती पाठ करायला सांगितली होती.

एका कोलाम मुलाने मात्र पूर्ण कादंबरी मोबाइलवर वाचली. कॉपीराइट संपलाय, फुकट मिळते. समजायला अवघड गेलं तिथे भाषांतराचं अ‍ॅप लावलं. त्याला टोंगा भेटला. अंदमानचा आदिवासी, बुटका, विषारी काटे फुंकून मारणारा. डॉयल त्याला माणूस म्हणून दाखवतच नाही. होम्स कपाटातून गॅझेटिअर काढतो आणि अंदमानच्या लोकांची माहिती वाचून दाखवतो: कुरूप, क्रूर, माणसं खाणारे. शेवटी थेम्स नदीवर टोंगाला गोळ्या घालतात आणि गोष्ट पुढे जाते.

यातलं माणसं खाण्याचं तर खोटंच होतं. अंदमानात काम केलेल्या ई. एच. मॅन या अधिकाऱ्याने कादंबरीच्या काही वर्षं आधीच ते छापून खोडून काढलं होतं. होम्सच्या कपाटात तो अंक नव्हता.

तो मुलगा मला म्हणाला, “टोंगाचं कोणीच काही विचारत नाही. त्याला लंडनला काहून आणलं?” मी त्याला रसेल आणि हिरालाल यांचं १९१६ चं पुस्तक दाखवलं, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचं, चार खंडांचं. तेही स्कॅन करून नेटवर आहे. त्यात ‘कोलाम’ अशी नोंद आहे, यवतमाळच्या उल्लेखासकट. होम्सच्या कपाटात शोभेल असंच पुस्तक, फक्त जमात वेगळी. त्याने पानं मोठी करून करून सगळं वाचलं. कोलामीबद्दल लिहिलेलं तो आजीला विचारून तपासणार होता, म्हणून स्क्रीनशॉट काढले.

पेपर झाल्यावर मी त्याला विचारलं, कादंबरीवर काय लिहिलं? म्हणाला, होम्सचं कॅरेक्टर आलं होतं, गाईडमधलं लिहिलं, तीन मिळतील. टोंगा नाही लिहिला. तो भाग धड्यात नाहीये ना.

पुढच्या रविवारी भेटू.