एम. सी. तोडफोड

धर्मेश परमार ऊर्फ एम. सी. तोडफोड हे मुंबईचे गुजराती रॅपर. सुरत-मुंबईच्या बाजारपेठांत व्यवहाराची म्हणून परिचित असलेली गुजराती त्यांनी जहाल रॅपमध्ये आणली, हे त्यांचे खरे वेगळेपण. सामाजिक अन्यायावर अनेक भाषांत रॅप करणाऱ्या ‘स्वदेशी’ या समूहाचे ते सदस्य होते. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘त धोम’ प्रकल्पात त्यांच्या रॅपला कर्नाटक संगीतातील तालबोलांची जोड मिळाली. झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटात रॅपरची मुख्य भूमिका रणवीर सिंग यांनी वठवली. परमार यांचा आवाज त्यातील ‘इंडिया ९१’ या गीतात ऐकू येतो. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.