अकबर, शंभूराजे आणि एक खुळखुळा

परवा रात्री साडेदहाला पुण्याहून भाचीचा फोन. इतक्या उशिरा फोन वाजला की काळजात धस्स होतंच. पण तसं काही नव्हतं. तिची लेक सात महिन्यांची झाली, हिची रजा संपली, सोमवारपासून ऑफिस सुरू. "मावशी, पहिल्या वर्षात बाळाशी काय काय खेळायचं ते मला लिहून पाठव ना. सांभाळणाऱ्या ताईंना देते. मोबाइलवर एक यादी आहे माझ्याकडे, पण ती वाचून मलाच घाम फुटतो. दुसऱ्या महिन्यात काळे-पांढरे पट्टे दाखवायचे होते म्हणे, ते राहूनच गेलं!" आणि मग जरा थांबून, "तिची सगळी मजा आता ताईच बघणार गं."

खरा फोन त्या शेवटच्या वाक्यासाठी होता, हे कळायला मावशीच असायला हवं असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिहायला बसले. आमच्या घरात चालत आलेलं जसं आठवलं तसं. पहिले दोन-तीन महिने पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं. लाकडी, रंगीत पोपट-चिमण्यांचं. वाऱ्याच्या झुळकीनं आपोआप फिरतं आणि बाळ हुंकार देत त्याच्याशी बोलत बसतं, तेवढ्यात बाळंतिणीला दोन घास जेवता येतात. मग खुळखुळा. तो आधी एका कानाशी वाजवायचा, मान वळते का बघायचं, मग दुसऱ्या कानाशी. मूठ धरायला लागलं की हातात द्यायचा. पहिल्यांदा तो स्वतःच्याच कपाळावर आपटून घेतं, रडतं, आणि पुन्हा मागतं. पायात घुंगरांचे वाळे. आवाज आपल्याच लाथांचा आहे हे एके दिवशी लक्षात येतं, तो चेहरा बघण्यासारखा असतो. पालथं पडायला लागलं की चेंडू हाताला लागेल-न लागेल इतक्या अंतरावर. बसायला लागलं की पितळेची वाटी आणि लाकडी डाव. दुकानातलं कुठलंच खेळणं ह्या जोडीपुढे टिकत नाही, पैज लावते. पदराआडून 'भॉक' करणं. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणं. मग तो एक खेळ, ज्यात त्यांनी वस्तू खाली टाकायची आणि आपण उचलून द्यायची. ह्याला अंत नाही. आपली कंबर धरेपर्यंत चालतो. वर्ष भरत आलं की सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा, मागून धरून ढकलायचा तो. (बाळाला आत बसवायचे चाकांचे वॉकर डॉक्टर नको म्हणतात, ते घेऊ नको असंही लिहिलं.)

आणि संक्रांतीनंतरचं बोरन्हाण! काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी तुटून पडायचं. उत्सवमूर्ती मधोमध भेदरून बसलेली. खेळ खरा इतरांचाच, पण बाळाला निमित्त करून सगळी आळी घरात आणायची ही युक्ती कुणाला सुचली असेल, त्या बाईला माझा नमस्कार.

चार पानं झाली. आणि मग लक्षात आलं, ह्यातला एकही खेळ मी आईकडून शिकलेली नाही.

आमच्या घरातल्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी दोन महिन्यांची असताना आईला क्षय झाला. तेव्हा औषधं आलेली होती, पण आईला घरापासून, मुख्य म्हणजे माझ्यापासून, लांब ठेवावं लागलं. सव्वा वर्ष ती बाहेरगावी होती. मला गुलमंडीच्या वाड्यात आत्यानं वाढवलं. आई परत आली तेव्हा मी आत्याच्या पदराआड लपले आणि तिच्याकडे गेलेच नाही, हे मी आईच्याच तोंडून ऐकलंय. एकदाच. आत्यानं सराफ्यातून घेतलेला माझा चांदीचा खुळखुळा पुढे कित्येक वर्षं कपाटात होता. आईनं तो कधी हातात घेतलेला मला आठवत नाही.

असो.

त्याच रविवारी पाहुण्यांना घेऊन मकबऱ्यात गेले. ह्या शहरात राहायचं म्हणजे वर्षातून चार वेळा मकबरा, चार वेळा वेरूळ, हे ठरलेलंच. पाहुणे नेहमीप्रमाणे ताजमहालाशी तुलना करून नाकं मुरडत होते. मी वरच्या कठड्यापाशी उभी राहून खाली कबरीकडे बघत होते, आणि डोक्यात भाचीची यादी. एकदम वाटलं, अरे, ही तर बाळंतीण आहे.

बीबी का मकबरा ज्या दिलरस बानूचा, ती ऑक्टोबर 1657 मध्ये इथेच औरंगाबादेत गेली. 11 सप्टेंबरला तिला पाचवं मूल झालं होतं, मुलगा. नाव ठेवलं अकबर, खापरपणजोबाचं. बाळंतपणानंतर ती उठलीच नाही. बाळ महिन्याचंसुद्धा झालं नव्हतं. नवरा औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार. तिकडे दिल्लीत शहाजहान आजारी पडलेला, तख्तासाठी भावाभावांत जुंपायची चिन्हं. 1658 च्या फेब्रुवारीत तो फौज घेऊन उत्तरेकडे निघालासुद्धा. म्हणजे पाळण्यातलं पोर, आई नाही, बाप लढाईवर. मग त्याच्याशी खेळलं कोण?

मुघलांकडे ह्याची पक्की व्यवस्था असे. राजपुत्रांना दूध पाजायला आणि वाढवायला 'अनगा', म्हणजे दाया. त्यांच्या मुलांना 'कोका' म्हणत, आपल्याकडचे दूधभाऊ. हे नातं सख्ख्यापेक्षा कमी नसे. ज्याचं नाव ह्या बाळाला मिळालं तो बादशहा अकबर स्वतः असाच वाढलेला. सव्वा वर्षाचा असताना आईबापांना इराणकडे पळावं लागलं, आणि हा कंदाहारला काका अस्करीच्या ताब्यात राहिला. काका आणि बाप एकमेकांचे वैरी! तिथे तो पहिली पावलं टाकू लागला. त्यांच्यात रीत अशी की मूल चालू लागलं की बापानं डोक्यावरचं पागोटं काढून त्याला मारायचं आणि पाडायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. बाप तर तिथे नव्हता. तेव्हा दाई माहम अनगानं त्या काकाकडूनच हा विधी करून घेतला. अबुल फजलनं हे लिहून ठेवलंय, आणि बादशहा म्हणे की मला तो प्रसंग आठवतो. सव्वा वर्षाच्या मुलाची आठवण, खरी की सांगून-सांगून पक्की झालेली, कुणास ठाऊक. पण हिंदुस्थानच्या बादशहाला आपलं पहिलं धपकन पडणं लक्षात ठेवावंसं वाटलं, ह्याची मला गंमत वाटते.

ह्याच अकबरानं पुढे एक भयंकर गोष्ट केली. मुलं ऐकल्याशिवाय बोलतात का, त्यांची उपजत भाषा कोणती, हे बघायला त्यानं काही तान्ही बाळं एका वेगळ्या वाड्यात ठेवली. दूध, कपडे, निगा सगळं चोख, फक्त त्यांच्याशी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. त्या वाड्याला पुढे नावच पडलं 'गुंगमहल', मुक्यांचा वाडा. 1582 साली बादशहा बघायला गेला तेव्हा एकाही पोराच्या तोंडून शब्द निघाला नाही. बदायुनी सांगतो की त्यातली काही तर दगावली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पोरं सांभाळायला बायका होत्या, पण 'भॉक' म्हणायची मनाई होती.

तर आपला धाकटा अकबर. त्याची थोरली बहीण झेबुन्निसा. ती जन्मलीच मुळी आपल्या दौलताबादेत, 1638 साली. आई गेली तेव्हा ही 19 वर्षांची. आईवेगळ्या ह्या भावाला तिनं मायेनं वाढवलं असं सांगतात. ती फारसीत कविता करणारी, ग्रंथसंग्रह असलेली विदुषी म्हणून प्रसिद्ध आहे. मला मात्र ती ह्या शहरातल्या कुठल्याशा महालात, मांडीवर महिन्याचं पोर घेऊन बसलेली दिसते. ही माझी कल्पना, इतिहास नव्हे.

आता ह्याच वर्षातलं दुसरं बाळ. 14 मे 1657, किल्ले पुरंदर. अकबराच्या चारच महिने आधी. सईबाईंना मुलगा झाला, संभाजी. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, बाळाला दूध पुरेना. तेव्हा पायथ्याजवळच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे दूधआई म्हणून गडावर आली. पुणे-सातारा रस्त्यावरून जाताना कापूरहोळ लागतं, आपण बहुतेक चहा पिऊन पुढे निघतो. धाराऊ आली तेव्हा तिचंही पोर अंगावर पीत असणार, त्याशिवाय दूध कुठून येणार? तिची मुलं पुढे शंभूराजांच्या चाकरीत होती असं सांगतात. सईबाई 5 सप्टेंबर 1659 ला राजगडावर गेल्या. शंभूराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. पुढे आजी जिजाबाई होत्याच. बखरी लढायांनी, तहांनी, वेढ्यांनी भरलेल्या असतात. पुरंदरावर कुठला खुळखुळा वाजला हे कोण लिहिणार? पण कापूरहोळच्या बाईला त्या काळी जे येत होतं तेच तिनं केलं असेल ना... बोटं नाचवली असतील, टाळ्या पिटल्या असतील, काऊ-चिऊ दाखवत घास भरवले असतील.

दोन्ही बाळं मोठी झाली आणि चोवीस वर्षांनी एकमेकांना भेटली, ही गोष्ट मला कादंबरीतली वाटते. पण आहे खरी. 1681 च्या जानेवारीत शहजादा अकबरानं बापाविरुद्ध बंड करून स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं. बंड फसलं, आणि दुर्गादास राठोडाबरोबर तो पळत पळत दक्षिणेत, थेट छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच वर्षी पालीजवळ, सुधागडाच्या परिसरात दोघांची भेट झाली. ते काय बोलले असतील? राजकारणच बोलले असणार. दोघांनाही दुसऱ्या बायकांनी दूध पाजून वाढवलं होतं, हा विषय काही निघाला नसेल.

त्या बंडाची सगळ्यात मोठी किंमत बहिणीनं मोजली. झेबुन्निसाची भावाशी चाललेली पत्रं बापाच्या हाती लागली. तनखा बंद, मालमत्ता जप्त, आणि ती दिल्लीच्या सलीमगडात कैदेत. 1681 पासून 1702 ला मरेपर्यंत, एकवीस वर्षं! इतिहासाची पुस्तकं ह्याला राजद्रोह म्हणतात. मांडीवर वाढवलेल्या पोराला पत्र लिहायला कारण लागतं का?

अकबराची स्वतःची लहानगी मुलं पळापळीत मारवाडातच राहिली. ती दुर्गादासानं सांभाळली. नातीला कुराण शिकवायला त्यानं मुसलमान शिक्षिका ठेवली होती, हे वर्षांनी कळलं तेव्हा औरंगजेबही चकित झाला. बापाच्या शत्रूच्या घरात पोरं वाढवायची ही जणू त्या घराण्याची रीतच. अकबर 1687 मध्ये जहाजानं इराणकडे निघाला, तो परतला नाही. शंभूराजांचं 1689 मध्ये काय झालं ते सांगायला नको. औरंगजेब मुलाचा पाठलाग करत 1682 मध्ये पुन्हा ह्या गावी आला आणि नंतर कधीच उत्तरेला गेला नाही. आज खुलताबादेत आहे, बायकोपासून तासाभराच्या वाटेवर.

आणि आमच्या गावाला 1653 पासून एका बाळाच्या बापाचं नाव होतं, 2023 पासून दुसऱ्या बाळाचं आहे. नावावरून भांडणारे भांडोत. मला तिथे कठड्यापाशी उभं राहून धाराऊची आठवण येत होती, आणि आत्याची.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. माझा मुलगा झाला तेव्हा आई आली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मला जाग आली तर पाळण्यापाशी बसून ती खुळखुळा वाजवत होती. आधी एका कानाशी, मग दुसऱ्या. अगदी आत्यासारखं. आत्या दारात उभी होती. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही, मीही डोळे मिटून घेतले.

भाचीला यादी पाठवली, खाली ही सगळी कहाणीही जोडली. बुधवारी तिचा फोन. ताईंना यादी वाचून दाखवली तर त्या हसायला लागल्या म्हणे. "वहिनी, ह्यातलं निम्मं तर आम्ही रोजच करतो की!" त्या मूळच्या भोरकडच्या. वाटी-डाव पहिल्याच दिवशी काढून झाला होता. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर वस्तू उचलून द्यायचं काम भाचीकडे आहे. कंबर धरलीय तिची.

खुळखुळा अजून पाठवलेला नाही. एका बाजूला पोचा आलाय आणि झाळ सैल झालीय, आतले खडे निघून पोरीच्या तोंडात जायचे. सराफाकडे टाकलाय. शनिवारी देतो म्हणालाय.