चिरकारी ल्युकेमिया (प्रौढांतील) : ओळख व निदान

रक्तातील पांढऱ्या पेशींचा मंद गतीने वाढणारा कर्करोग. मायलॉइड (सीएमएल) आणि लिंफोसायटिक (सीएलएल) हे त्याचे दोन मुख्य प्रकार. पाश्चात्त्य देशांतील प्रौढांत सीएलएल अधिक आढळतो, भारतात सीएमएल. आणि तो इथे तुलनेने तरुण वयात, अनेकदा चाळिशीच्या आतबाहेर गाठतो.

बऱ्याच रुग्णांना निदानाच्या वेळी काहीही त्रास होत नसतो. उदाहरणार्थ, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसतात आणि तपास सुरू होतो. त्रास असलाच तर थकवा, घटते वजन, रात्रीचा घाम. सीएमएलमध्ये पानथरी वाढून डाव्या बरगडीखाली जडपणा येतो, दोन घास खाल्ले की पोट भरते. सीएलएलमध्ये मानेत, काखेत, जांघेत न दुखणाऱ्या गाठी येतात. आपल्याकडे वाढलेली पानथरी मलेरियाच्या आणि मानेतली गाठ क्षयाच्या खाती सहज जमा होते. निदान लांबते ते इथेच.

पांढऱ्या पेशी साधारणपणे दर घन मिलिमीटरला ४,००० ते ११,००० असतात. सीएमएलमध्ये त्या लाखावर जाऊ शकतात. पण तीव्र जंतुसंसर्गातही त्या ५०,००० ओलांडू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. रक्ताच्या काचपट्टीवर अपक्व ते पक्व अशा सर्व टप्प्यांतील मायलॉइड पेशी आणि वाढलेल्या बेसोफिल पेशी दिसल्या, की संशय बळावतो. खरा पुरावा जनुकीय असतो. १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले; ते फिलाडेल्फिया गुणसूत्र. ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. त्यातून तयार होणारे बीसीआर-एबीएल१ हे जोडजनुक फिश किंवा पीसीआर या जनुकीय चाचण्यांनी रक्तातही सापडते. ते नसेल तर तो सीएमएल नव्हे. तरीही अस्थिमज्जा तपासतात, ती रोगाची अवस्था ठरवण्यासाठी: ब्लास्ट (अगदी अपक्व) पेशी २० टक्के किंवा अधिक असल्यास ब्लास्ट अवस्था मानतात.

सीएलएलसाठी रक्तात एकाच कुळीच्या बी-लिंफोसाइट पेशी दर घन मिलिमीटरला किमान ५,००० आणि त्याही कमीत कमी तीन महिने टिकून असाव्या लागतात. फ्लो सायटोमेट्री या चाचणीत पेशींवर सीडी५, सीडी१९ आणि सीडी२३ ही चिन्हे एकत्र दिसतात. अस्थिमज्जेची सुई बहुधा टळते. टप्पा ठरवण्याची, जोधपूरला जन्मलेल्या कांती राय यांची १९७५ ची पद्धत केवळ शारीरिक तपासणी आणि सीबीसीवर चालते. महागड्या यंत्रांच्या काळातही ती टिकून आहे, हे विशेष. निदान झाले म्हणून उपचार लगेच सुरू होतातच असे नाही. ते सुरू करण्यापूर्वी मात्र टीपी५३ जनुकातील बिघाड तपासावा लागतो.

केसाळ पेशींचा ल्युकेमिया हा विरळा प्रकार चकवा देतो: पानथरी मोठी, पण रक्तपेशी वाढण्याऐवजी घटलेल्या, आणि सुई घालूनही मज्जा अनेकदा येत नाही. तेव्हा अस्थीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.